पांडूचा भाव

५ ऑगस्ट, रविवार
फुटबॉलची मॅच जिंकलो. म्हणजे पांडू जिंकला, आम्ही पळालो. तिन्ही गोल त्याचे. मी बाकावर बसून टॉवेल सांभाळले. दोन सीझन इनसाइड लेफ्टला मी खेळलो, आणि मोशीच्या शेतातून हा उठून आला की माझं संपलं. कंपनीचे चांगले बूट एकच जोड, तेही त्यालाच. पाय दोघांचे एकाच मापाचे, हे आणखी एक दुखणं.

८ ऑगस्ट, बुधवार
पांडू कामावर नाही. फिटर म्हणून हजेरीवर नाव आहे, पण हातात पाना धरलेला अजून कुणी पाहिला नाही. नदीकाठी वीटभट्टीमागं बाभळीत हातभट्टी लागते, तिथं पडला असणार. सगळ्यांना माहीत आहे. दारूबंदी आमच्यासाठी, याला कायदा वेगळा.
फोरमन म्हणतो, "जाऊ द्या हो दळवी, बायको बाळंतपणात गेली बिचाऱ्याची."
गेली, मान्य. वाईट झालं. पण हाच बिचारा संध्याकाळी लाल डोळ्यांनी मैदानावर येतो आणि तिघांना चुकवून बॉल घेऊन जातो. मी रोज पहाटे दंडबैठका काढतो, दूध पितो, वेळेवर कार्ड पंच करतो. मला कुणी बिचारा म्हणत नाही आणि खेळाडू तर त्याहून नाही.

११ ऑगस्ट, शनि.
कॉलनीत एक क्वार्टर रिकामी झाली. एक खोली, स्वयंपाकघर, नळ दारात. कुलकर्णीसाहेब लेबर ऑफिसर, टीमही तेच बघतात. गेल्या वर्षी त्यांनीच मला शब्द दिला होता. लग्न होऊन दोन वर्षं झाली, सुशी अजून कऱ्हाडला माझ्या आईजवळ, आणि मी इथं चौघांच्या घोरण्यात. प्रत्येक खेपेला ती एवढंच विचारते, "जागेचं काय झालं?"
साहेबांकडे गेलो. म्हणाले, "बघू हो. पांडूचाही विचार करावा लागेल. रोज मोशीहून यायचं म्हणजे वाटेत ती भट्टी."
म्हणजे तो पितो म्हणून त्याला घर. मीही सुरू करू का, असं ओठावर आलं होतं. बरं आहे साहेब, म्हणून परत आलो. माझं हे असंच.

१६ ऑगस्ट, गुरु.
खडकीवाल्यांनी पांडूला मागितलंय. तिथल्या कारखान्यात पक्की नोकरी देणार, आणि बदल्यात त्यांचा गोलकीपर आपल्याकडे. बैलबाजारच झाला की हा. पुढचं ऐकून जेवण गेलं नाही. साहेब त्यांना आधी म्हणाले होते, पांडू राहू द्या, दळवीला न्या. तर त्यांच्या माणसानं विचारलं, "दळवी कोण?"
टाइम ऑफिसातला सावंत हे हसत हसत सांगत होता. मीही हसलो. काय करणार.
मागच्या वर्षी खडकीवर गोल मारला होता मी. हेडनं. दळवी कोण म्हणे.

१९ ऑगस्ट, रवि.
शांतपणे विचार केला. पांडू गेला तर जागा माझी, बूट माझे, क्वार्टर माझी. जाऊ दे त्याला खडकीला. तिथं त्याला खांद्यावर घेऊन नाचू देत. माझ्या डोळ्यांआड तर होईल. आज पहिल्यांदा तो खेळताना मी टाळ्या वाजवल्या.

२२ ऑगस्ट, बुध.
कासारवाडीच्या नाक्यावरच्या हॉटेलात खडकीच्या टीमचे मामा भेटले. टीमचं सगळं तेच ठरवतात. मला शोधतच आले होते. चहा मागवला, म्हणाले, "सौदा होत आलाय. पण तो पितो असं कानावर येतंय. तुमची जागा त्यानं घेतली, तेव्हा तुम्ही काही त्याची भलामण करणार नाही. तुम्हीच खरं सांगा."
एका शब्दाचं काम होतं. पितो, म्हणायचं. त्याची किंमत तिथंच मातीत. दोन आठवडे याच क्षणाची वाट बघत होतो मी. पण तसं म्हटलं तर हा इथंच राहणार, माझ्या छातीवर.
म्हणालो, पीत नाही. गळ्यात माळ आहे. धडधडीत खोटं.
मग थांबायचं ना. थांबलो नाही. त्याचा डावा पाय कसा चालतो ते सांगितलं. मान वर न करता पास कसा देतो, पडता पडता बॉल कसा ठेवतो, सगळं. टेबलावर कपबश्या मांडून दाखवलं. मामा ऐकतच राहिले. सांगता सांगता लक्षात आलं, यातलं काही खोटं नाही. त्याचा खेळ माझ्याइतका बारकाईनं कुणी पाहिलेलाच नाही. जळत बसून पाहिलाय, पण पाहिलाय.
आल्यापासून तोंड कडू.

२५ ऑगस्ट, शनि.
आपल्या हातानं घात केला. मामांनी खडकीला जाऊन भाव वाढवला, आता गोलकीपर आणि वर त्यांचा फुलबॅकही द्यायला तयार. त्यावरून कुलकर्णीसाहेबांचे डोळे उघडले. मला बोलावून म्हणाले, "एकासाठी दोन देतात, म्हणजे माणूस सोडण्यासारखा नाही. आणि मामा म्हणत होते, तुम्हीच त्याचं कौतुक केलंत. मोठं मन आहे हो तुमचं."
सौदा मोडला. क्वार्टर पांडूला. एकटा राहिला तर पिऊन पडेल, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला सोबत मी. कॉलनीत राहायला मिळालं एकदाचं. सुशीला काय सांगू?

२८ ऑगस्ट, मंगळ.
पांडू ट्रंक घेऊन आला. बरोबर मोशीहून भुईमुगाच्या ओल्या शेंगा. दारातच उभा राहिला, आत येईना.
"दळवीभाऊ, तुमी माझ्याबद्दल असं बोलला व्हय? माझ्या सख्ख्या भावानं न्हाई बोललं कदी."
म्हटलं, आत ये, शेंगा उकडू.
मग म्हणाला, "मला न्हाई जायाचं व्हतं खडकीला. पोरगी हितं आईजवळ हाय. चालाय लागली आता."
त्याचा रागसुद्धा नीट येऊ देत नाही हा माणूस. शेंगा गोड होत्या.

१ सप्टेंबर, शनि.
चार दिवस थेंब नाही. संध्याकाळी दारात बसून बूट पुसतो. सुशीच्या चुलीची जागा मी मनात ठरवून ठेवली होती, तिथं आता त्याची ट्रंक. उद्या मॅच खडकीशीच. साहेब म्हणाले, "पांडूला वेळेवर आणायचं ते तुम्ही."

२ सप्टेंबर, रविवार, दुपार
पांडू सकाळी बाहेर गेला तो आला नाही. पोरीला बघून येतो म्हणाला. सावंत सांगून गेला, मोशीपर्यंत गेलाच नाही, वाटेत वीटभट्टीकडं वळताना दिसला. आज बायकोचं वर्षश्राद्ध होतं म्हणे. मला बोलला नाही.
तो आला नाही तर इनसाइड लेफ्टला मीच. साहेबांसमोर, मामांसमोर. दळवी कोण ते कळेल. आणि आज तो पडलेला सापडला तर क्वार्टरही त्याची राहत नाही.
आता निघालो तर त्याला उठवून, तोंडावर पाणी मारून वेळेत आणता येईल. माझ्याशिवाय कुणी जाणार नाही.
बूट त्यानं कालच पुसून ठेवलेत. घालून पाहिले. घट्ट नाही, सैल नाही. तसाच बसलोय.
नदीकडं चिखल आहे. जायचं तर बूट काढावे लागतील.