दुधावरचा संशय

प्रिय नीलम,

हे पत्र तुझ्या आईंनी आधी फोडलं असेल तर त्यांनाही माझा नमस्कार. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी इथे योगेश कान देऊन उभा असतो. आईची बाजू घ्यावी की बायकोची हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून सरळ कागद घेतला.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. तीस वर्षं संत्र्यांच्या ढिगाशी बसून मी फळं निवडली. पेटीत वर चांगला माल आणि खाली नासका, हे इतक्यांदा पाहिलंय की माणसांचंही तसंच असतं असं मी धरून चालते. तू लग्न होऊन वरुडला आलीस तेव्हा फार गोड बोलायचीस. तेव्हाच मी म्हटलं, खालचा थर बघायला हवा. त्यात माझे गुडघे दुखतात म्हणून तू रोज झोपताना हळदीचं दूध आणून द्यायला लागलीस. मी मागितलं नव्हतं.

पुढे काय झालं ते माझ्या बाजूने ऐक. सकाळी उठले की डोकं जड, तोंड कोरडं, अंगात जीव नाही. निवडायला बसले की हातात संत्रं तसंच राहायचं आणि मान कलंडायची. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गावातल्या एका डॉक्टरने रक्त कमी सांगितलं, दुसऱ्याने पाळी गेल्यावर असं होतंच म्हणून परत पाठवलं. तिसऱ्याने सुनेशी पटतं का असं विचारलं आणि मनाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्याच्या त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे सगळं तू येण्याआधीपासून होत होतं, पण ते मी सोयीने विसरले. एकदा तुझं दूध शेजारच्या बोक्याला पाजलं. तो भिंतीवर दुपारपर्यंत पसरला होता. मला पुरावा मिळाला. बोके दुपारपर्यंत झोपतातच, हे काही तेव्हा सुचलं नाही.

मग एका रात्री जाग आली तर तू दाराशी मोबाइल धरून उभी. मी डोळे मिटून पडून राहिले, पण मनाशी गाठ बांधली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळ्यांसमोर तुला विचारलं, दुधात काय घालतेस? तू रडली नाहीस, याचाही मला तेव्हा संशय आला. तू मोबाइल काढून त्या रात्री भरून घेतलेला घोरण्याचा आवाज लावलास आणि म्हणालीस, "आई, तुमचा श्वास अटकते झोपेत. डाक्टरले दाखवा." मी म्हटलं, बाईमाणूस असं घोरत नाही, हे यांचं घोरणं आहे. तुझे सासरे जमिनीकडे बघत म्हणाले, "हो, मायंच असंन." तू त्यांच्याकडे एकदाच पाहिलंस आणि बॅग भरायला आत गेलीस. संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला निघून गेलीस.

तू गेल्यावर दूध मीच तापवलं. डोकं दुखायचं थांबेना. जाताना साखरेत काही कालवून गेलीस असं वाटून मी अख्खा डबा उकिरड्यावर ओतला. तरी थांबेना.

गेल्या आठवड्यात तुझे सासरे ट्रॅक्टर चालवता चालवता पेंगले आणि बांधाला धडकले. लागलं नाही, पण योगेशने त्यांना अमरावतीला नेलं. सोबत मीही गेले. यांचं घोरणं सगळ्या गल्लीला पाठ, त्यामुळे झोपेत श्वास अडकण्याचा रोग लगेच सापडला. डॉक्टरीणबाई फार तरुण, म्हणून मी तिच्या भिंतीवरची सर्टिफिकिटं वाचत बसले आणि वाचता वाचता खुर्चीतच झोपले. तिने यांना विचारलं, काकू घोरतात का? मी अर्धवट जागी होते. हे म्हणाले, "नाई नाई, तिचं तसं काई नाई." आणि पुन्हा जमिनीकडे बघितलं. तेच बघणं, पोळ्याच्या दिवशीचं. तेव्हा मला आठवलं, तू आवाज भरलास त्या रात्री हे घरात नव्हतेच. बागेत राखणीला गेले होते.

परतीच्या बसमध्ये मी यांना सोडलं नाही. अर्ध्या वाटेवर शेवटी बोलले. "चार वर्स झाले. तुया श्वास अटके, मी पायानं ढोसलो का चालू होये. बाईमानसाचं असं चारचौघात कसं सांगाव?" माझी अब्रू राखायला माणूस चार वर्षं गप्प बसला, नीलम. माझा जीव गेला असता तरी अब्रू शाबूत होती. आणि तुझी गेली, त्याचं काय? मी एवढं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पुन्हा गेले. डॉक्टरीणबाई म्हणाली, पुरुष गडगडतो म्हणून घरचे त्याला उचलून आणतात. बाईचं बऱ्याचदा नुसतं डोकं दुखतं, झोप येत नाही, थकवा येतो, मन उदास होतं, आणि तिला दुसऱ्याच गोळ्या मिळतात. तिचं सगळं मला पटलंच असं नाही. पण एवढं पटलं.

मी चुकले. तुझ्या दुधात दूध आणि हळदच होती, आणि हे मी घरात सगळ्यांसमोर सांगितलंय.

येत्या मंगळवारी मला अमरावतीत रात्रभर तारा लावून निजवणार आहेत. त्याचा एक फॉर्म भरायचाय. त्यात विचारलंय, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलं? यांनी पेन घेतला होता, मी त्यांच्या हातून काढून घेतला आणि तुझं नाव लिहिलं. नात्यापुढे सून लिहिलं. पत्त्याची जागा कोरी ठेवलीय. अकोल्याचा लिहू की वरुडचा, तेवढं मंगळवारच्या आत कळव.

तुझीच,
अजूनही दूध हुंगूनच पिणारी सासू,
शकुन