गॅसपासून पहिला डबा

आई, काल नव्या घरातलं स्वयंपाकघर लावायला घेतलं आणि डब्यांपाशी येऊन अडकलो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डब्यांच्या बाबतीत परवानगी तुझीच घ्यावीशी वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि पुरानी बस्तीतल्या आपल्या घरमालकाला एकाएकी आपली जागा हवीशी वाटू लागली. आपण शंकर नगरातल्या दोन खोल्यांत आलो. त्याच आठवड्यात माझी नोकरी टांगणीला लागली होती. नव्या सरकारी कार्यालयांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी यंत्रं आमची छोटी कंपनी बनवायची, आणि त्यातल्या नेटवर्क कार्डाला कामाला लावणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझा होता. जुन्या यंत्रांवर तो गुण्यागोविंदानं चालायचा. मग साहेबांनी वेगळ्या जातीचा, स्वस्तातला प्रोसेसर आणला आणि सांगितलं, एकच ड्रायव्हर दोन्हींवर चालला पाहिजे. सोमवारच्या चाचणीत नाही चालला तर काम बाहेरच्यांकडे जाणार, आणि मला पुण्यात नोकरी शोधावी लागणार. तुझा निर्णय तू आधीच देऊन ठेवला होतास, "तुले जायचं तं जा. मी रायपूर सोडून कुठीच येत नाही."

अडचण अशी होती. कार्ड आकड्याचा धाकटा भाग आधी ठेवायचं, नवा प्रोसेसर थोरला भाग आधी वाचायचा. आकडा तोच, पण मोजणी उलट्या टोकाकडून. चौसष्ट लांबीचा निरोप आला की या महाशयांना तो सोळा हजारांच्या वर वाटायचा आणि ते घाबरून बंद पडायचे. हे मला ठाऊक होतं, असं नाही की ठाऊक नव्हतं. मी दिसेल तिथं आकडे हातानं उलटे केले. नवं यंत्र चालू झालं, तर जुनं बंद. जुनं दुरुस्त केलं, तर नवं रुसलं. काही आकडे तर मी दोनदा उलटवून पुन्हा सुलटे केले होते आणि त्याच जागी दिवसभर चूक शोधत बसलो होतो.

अशातच तू रविवारी साहेबांना जेवायला बोलावलंस. नवं घर, पहिला पाहुणा. तू मला फक्त डबे लावायला सांगितलं होतंस, आणि मी ते फार प्रामाणिकपणे लावले होते. जुन्या घरातल्यासारखेच, डावीकडून मीठ, मग हळद, तिखट, असं करत शेवटी उजवीकडे साखर. गोल बाजारातून आणलेले सगळे एका मापाचे, एका तोंडाचे. मला फक्त एवढंच दिसलं नाही की जुन्या घरी गॅस डाव्या टोकाला होता आणि इथं उजव्या. तुझा हात कधी डावीकडून मोजतच नव्हता, तो गॅसपासून मोजायचा. हळद-तिखट रंगावरून सापडलं, पण मीठ आणि साखर दोन्ही पांढरी, त्यात पाहुण्याच्या आधी चाखायचं नाही हा तुझा नेम.

साहेब पानावर बसलेले मला आजही दिसतात. वरणभाताचा घास घेतात, थांबतात, मान डोलावतात. "वाह चाची, आप लोगों में दाल मीठी बनती है, सुना था."

"आमच्यात?" तू झारा खाली ठेवलास. "भैया, हम क्या पुणे के हैं?"

मग खीर आली. बिचाऱ्यांनी पहिल्या चमच्याला डोळे मिटले, अर्धा तांब्या पाणी प्यायलं आणि तीही आपल्या लोकांची एखादी रीत असेल असं समजून वाटी संपवली. मी माझी वाटी तोंडाला लावली आणि तुझ्याकडे पाहिलं. तू डब्यांकडे पाहिलंस.

"काहून रे पोट्ट्या, हे डबे कोणं लावले?"

"जसे होते तसेच लावले ना आई."

"जसे होते तसे! घर फिरलं, अन् हा म्हणे तसेच!"

साहेबांना थांबवून तू दुसरं वरण टाकलंस. डबे पुन्हा लावायला वेळ नव्हता, म्हणून मला रांगेशी उभं केलंस. "तू तिथं उभा राय. मी मांगतो ते दे." बारशाला, वास्तूला लोक तुला स्वयंपाकाला न्यायचे तेव्हा तू हेच करायचीस. दुसऱ्याच्या घरचे डबे आपण उघडायचे नाहीत. हात पसरून "मीठ" म्हणायचं, घरच्या बाईनं हातावर ठेवायचं. म्हणून परक्या चुलीवर तुझं कधी काही बिघडलं नाही.

त्याच क्षणी मला ड्रायव्हरचं उत्तर सुचलं, असं मी ऑफिसातल्या नव्या पोरांना सांगतो. ते पूर्ण खरं नाही. ड्रायव्हर लिहायच्या पुस्तकात ते आधीच लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं आणि उगाच लांबण म्हणून सोडून दिलं होतं. कार्डात थेट हात घालायचा नाही. मधल्या एका फंक्शनकडे मागायचं, आणि कोणत्या टोकाकडून मोजून द्यायचं ते ज्या त्या यंत्रानं पाहायचं. तुझ्या तळहातावर मीठ ठेवताना मला फक्त त्या लांबणीचा कंटाळा येईनासा झाला. संध्याकाळी ऑफिसात जाऊन मी हातानं उलटवलेले सगळे आकडे काढून टाकले. सोमवारी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही बोलली. साहेब मला म्हणाले, "अब मीठी दाल खिलाओ."

काल बायको विचारत होती, "नमक इधर क्यों, शक्कर पहले रखो ना, चाय रोज़ बनती है." मी म्हटलं, सिस्टिम आहे. आणि गॅसपासून मोजून मीठ पहिलं ठेवलं.

एक सांगायचं राहिलं. चाचणीच्या आधीच मी पुण्याला अर्ज टाकून ठेवला होता, आणि चाचणीनंतर तिथून बोलावणं आलं होतं, चांगलं होतं. तुला मी सांगितलं, त्यांचं काही उत्तर आलं नाही. तू म्हणालीस, "बरं झालं. गोड वरण खाऊन खाऊन मेला असता." मी हसलो. त्या लोकांना मी तेव्हाच "येत नाही" असं कळवून टाकलं होतं. कारण विचारलं, तर घरची अडचण एवढंच लिहिलं. इथं तू हात पसरून "मीठ" म्हणशील तेव्हा रांगेशी कोण उभं राहील, हे इंग्रजीत लिहिता येईना.