पुढच्या करकोच्याची पाळी

लातूर, ९ जानेवारी २००१

आदरणीय अक्कास,
धाकट्या आदर्शचा सप्रेम जय भीम. उशिरा लिहितोय, भेटलीस की कान पिळ.

परवाच्या चाचणीत मी 'अ' तुकडीतून थेट 'क' तुकडीत घसरलो. सर म्हणाले, अजून एक वर्ष बसलास तर डॉक्टरकीला लागशील. पण भूकंपात आबा गेले, आईची कंबर मोडली, तेव्हा आपलं ठरलंय ना, एकानं आईपाशी राहायचं, दुसऱ्यानं शिकायचं, दोन वर्षांनी पाळी बदलायची. माझी दोन वर्षं भरली. तुझ्या नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख २५ आहे आणि तुझ्या वयाची अट यंदाच संपते. काय करू?

काल क्लासच्या गच्चीवरून करकोचे गेले. हरभरा राखताना आबा दाखवायचे, थव्यातला पुढचा वारा अंगावर घेतो, दमला की मागं सरतो आणि दुसरा पुढं होतो. मी दमलोय का गं?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा आदर्श

नवं गाव, ता. औसा, २५ जानेवारी

चि. आदर्श यास,
अक्काचा जय भीम आणि लई आशीर्वाद.

दमलास म्हणं! चार घास जास्ती खात जा, शहाण्या. मी अर्ज पाठवला न्हाई. पोस्ट बंद होईस्तोवर पिशवीत घेऊन हिंडले आणि घरी येऊन चुलीत घातला. आधी कळवलं असतं तर तू आडवा आला असतास. तू अजून वर्षभर पुढं ऱ्हा, मी हाय मागं.

रडू आलं, खोटं कशाला सांगू? नर्सच्या पांढऱ्या कपड्याची लई हौस होती मला. जाऊ दे. आई बरी हाय. आमची आठवण असू दे.
तुझी अक्का, पंचशीला

लातूर, २५ जानेवारी

आदरणीय अक्कास,
जय भीम.

हे पत्र मिळेल तेव्हा तुझा अर्ज पोचलेला असेल. मी आज क्लास सोडला. माझी जागा लगेच कंधारच्या यासेरला दिली, तो महिनाभर यादीत लटकून होता. आता परत घेणार नाहीत. आधी सांगितलं असतं तर तू चप्पल घेऊन लातूर गाठलं असतंस!

आईची कूस कशी बदलायची, ते मला नीट शिकव. आता तू पुढं हो.
कायम तुझाच, आदर्श

नवं गाव, ३० जानेवारी

चि. आदर्श यास,
जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकाच दिवशी रे बाबा, एकाच दिवशी! माझं पत्रही तुला मिळालं असेल. तुझ्यावर राग न्हाई, हाय तो माझ्यावर.

आबांचं आपण निम्मंच ऐकलं. ती पाखरं उडताना सारखी ओरडत असतात, एकमेकांना सांगत असतात. आपण दोघं गुपचूप मागं सरलो.

रविवारी औशाच्या स्टँडवर येते, तिथंच उतर. आईला अजून सांगितलं न्हाई. सकाळी तिला उन्हात बसवलं होतं, वरून करकोचे गेले. तिनं मान वर करून बघितलं आणि मला विचारलं, आता कोणाची पाळी गं?

मी तिच्या पाठीला तेल लावत बसले. तू आलास की तूच सांग.

माया हाय तशीच हाय.
तुझी अक्का, पंचशीला