स्टार्ट डेट माझ्या हातात

३ जून, सकाळी ९.१०
शाळेच्या नव्या इमारतीचं शेड्यूल माझ्याकडे आलं. प्लॅनिंग मॅनेजरची जागा रिकामी आहे, महिनाअखेर साहेब माणूस ठरवणार. म्हणजे मला.
सॉफ्टवेअरमध्ये एक्केचाळीस लाल खुणा. फरशीची स्टार्ट डेट स्लॅबच्या आधी येते म्हणे. संध्याकाळपर्यंत साफ करतो.

३ जून, संध्याकाळी ६
त्रेपन्न झाल्या. एक तारीख हलवली की खालच्या नऊ हलतात. पाठ धरली. सॉफ्टवेअर भिकार.

५ जून
युक्ती सापडली. प्रत्येक कामाची स्टार्ट डेट हाताने टाइप करायची. मग ती जागची हलत नाही आणि लाल खूण गायब. दुपारपर्यंत सगळं पांढरंशुभ्र. अक्कल लागते.
साइटवरून मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी मीच लावून दिली. तो विसरतो, म्हणून मी चारचौघांत आठवण करून देतो. म्हणाला, भावोजी, तारखा ठोकू नका, कामं एकमेकांना जोडा, स्लॅब लांबला तर फरशी आपोआप पुढे जाईल. मी म्हटलं, तू विटा मोज. सगळे हसले. दिवस छान गेला.

११ जून
स्लॅब तीन आठवडे लांबल्याची मेहुण्याची मेल. 'ओके' कळवलं. शेड्यूलमध्ये एकही लाल खूण नाही, म्हणजे काळजी नाही. मीटिंगमध्ये साहेबांनी कौतुक केलं. मेहुणा तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला चहा सांगायला पिटाळलं.
संकल्प: मॅनेजर झाल्यावर त्याला माफ करायचं. लगेच नाही.

१९ जून
फरशीवाले ठरल्या तारखेला हजर. बावीस माणसं. फरशी पहिल्या मजल्यावर बसवायची होती. पहिला मजला नव्हता.
साहेबांना लिहिलं, स्लॅब लांबल्याचं साइटने कळवलंच नाही. साइट म्हणजे मेहुणा. त्याला लेखी ताकीद मिळाली. घरी बायको बोलेना. नोकरीत नाती आणू नयेत, असं तिला समजावलं.

२५ जून
मेहुण्याने साहेबांना ती मेल दाखवली. खाली माझं 'ओके'. मग साहेबांनी शेड्यूलची फाइल उघडली. कोणी, कधी, काय टाइप केलं ते सॉफ्टवेअर नोंदवून ठेवतं. हे आधी सांगायला नको? प्रत्येक ओळीपुढे माझं नाव.
मी ठामपणे म्हणालो, शेड्यूल बरोबरच होतं, इमारत मागे पडली. साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. प्रभाव पडला असावा.

२८ जून
प्लॅनिंग मॅनेजर मेहुणा.
मला साइटच्या गेटवर पाठवलंय, येणाऱ्या ट्रकची नोंद ठेवायला. साहेब म्हणाले, तुम्हाला हाताने तारखा घालायची हौस आहे ना. सगळे हसले. मेहुणा तेवढा हसला नाही. तेच जास्त झोंबलं.

३० जून, रविवार
बायको म्हणाली, त्याला ऑफिसची गाडी मिळाली आहे, गेट वाटेतच आहे, तो सोडेल. मी स्पष्ट सांगितलं, मला कोणाचे उपकार नकोत. ती म्हणाली, आठला खाली उभे राहा, त्याला थांबायला वेळ नसतो.
पावणेआठलाच उभा राहीन.