तालमीच्या भिंतीवरचा श्लोक

मेहरूण, जळगाव
१७ फेब्रुवारी १९५७

प्रिय हिलाल,

तुझं कार्ड पोचलं. ‘सर्व ठीक आहे’ असं तू दोनदा लिहिलं आहेस, त्यामुळे मला ते एकदाही खरं वाटलं नाही. खरी बातमी कुंदावहिनींनी आमच्या घरी कळवली: महिनाभर तू मुलांना शिट्टी देऊन मैदानावर सोडतोस आणि स्वतः कोश उघडून बसतोस. दंडबैठका बंद, चष्मा सुरू. हे लक्षण मला बरं दिसत नाही.

कारण ठाऊक आहे. धुळ्याच्या त्या कॉलेजात सहा वर्षं झाली, तरी स्टाफरूममध्ये तू अजून ‘ड्रिलमास्तर’च. हजेरीपटावर तुझं नाव शिपायांच्या लगेच वर. व्यायामशास्त्रावरचा प्रबंध मंजूर झाला तर अधिव्याख्याता होशील, म्हणून तो जाडजूड प्रबंध. तुझी प्रत मी दोनदा वाचली. तालमीतल्या तीनशे मुलांच्या नाड्या तू दंडांच्या आधी आणि नंतर मोजल्यास, चार वर्षं, सायकलवर गावोगाव हिंडून. त्या पानांना घामाचा वास आहे, आणि ही मी स्तुती करतो आहे.

पण एक्केचाळिसाव्या पानावर मी थबकलो. तिथे तू एक श्लोक दिला आहेस, आखाड्याचं शास्त्र किती जुनं याचा पुरावा म्हणून. खाली टीप: ‘पुरातन वचन, नरडाणा येथील तालमीच्या भिंतीवरून.’ ग्रंथाचं नाव नाही. म्हणजे तू शोधलंस, आणि सापडलं नाही. मग पंचवीस वर्षांच्या मित्राला, तोही संस्कृतचा मास्तर, विचारलं का नाहीस? मला वाटतं, उत्तराची तुला भीती होती.

परवा तुझ्या प्राचार्यांचं पत्र आलं. सुरुवातीलाच ‘पंडितजी’ म्हटलं आहे, तेव्हाच मी सावध झालो. लिहितात, व्यायामशिक्षकाला एवढं संस्कृत कुठून, असा काहींना संशय आहे. प्रबंधात आपला हात आहे काय, हे गुप्तपणे कळवावं. गुरुवारी तुझी तोंडी परीक्षा, त्याआधी त्यांना उत्तर हवं.

आता ऐक. एकोणचाळीस साली हनुमानजयंतीला नरडाण्याच्या तालमीचे आपले वस्ताद तोताराम नाना यांना तिथल्या भिंतीवर जुना श्लोक हवा होता. दोन दिवस पोथ्या चाळून काही मिळेना, तेव्हा दुपारी ओसरीवर बसून मीच एक रचला. नानांनी विचारलं, “जुना शे ना रे, गिरधर?” मी म्हणालो, फार जुना. तू शेजारी चुन्याची बादली धरून उभा होतास, आणि तुझी मान भक्तीने लवली होती. पुढे सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे, तू तो इतक्या आवडीने म्हणायचास की सांगवेना.

तेव्हा प्राचार्यांना काय लिहू? अख्ख्या प्रबंधात माझं एवढंच आहे, आणि नेमकं तेच तू माझं समजत नाहीस. परीक्षकाने ग्रंथ विचारला तर नाड्याही खोट्या ठरतील. गुरुवारच्या आत सगळ्या प्रतींतून ते पान काढ, हिलाल. प्रकरण लंगडं होईल, होऊ दे. मोजलेल्या नाड्या त्याला उभं धरतील. पान काढल्याची तुझी तार आली की मी प्राचार्यांना लिहीन, यात माझं एक अक्षरही नाही, आणि ते खरं असेल. मला खोटं बोलायची सवय नाही रे. एकदाच बोललो, ते अठरा वर्षं भिंतीवर आहे.

तारेची वाट पाहणारा, तुझाच
गिरधर