आईनं उचललेल्या भिंती

खदानटोला, ता. तुमसर
३ मे २०२५

चि. ताराचंद,

तुळसाताईचा आशीर्वाद. तू, शालू आणि लेकरं खुशाल असाल. भिलाईतही ऊन इथल्याएवढंच तापत असेल. इकडे मोहफुलं वेचून झाली, उन्हाळी धान कापणीला आलाय. आई बरी आहे.

फोनवर आईचं नाव निघालं की तू "रेंज नाही" म्हणून ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील, म्हणून लिहायला बसले.

आपलं घर वाचलं, ताराचंद! खदानीच्या मजुरांच्या लाईनीतलं, आपण वाढलो ते.

खदान बंद पडल्यापासून लाईन ओसच होती. आम्हीही रस्त्याकडच्या नव्या घरात आलो. ग्रामपंचायतीनं लाईनीच्या जागी दुकानगाळे बांधायचं ठरवलं. दिवाळीनंतर जेसीबी आला आणि एकेक घर आडवं होत गेलं. शेवटचं आपलं उरलं, तेव्हा नागपूरहून मनाली आली. वास्तुकला शिकवते ती. खदानीच्या साहेबाच्या बंगल्याचे फोटो काढायला आली होती, पण आपल्या घरात शिरली ती दुपारभर बाहेर निघेना. म्हणाली, "ताई, बंगले सगळेच जपतात. मजुराचं घर कुठे उरलंय?"

मग तिनं मला आपलंच घर दाखवलं. खदानीतून निघालेल्या टाकाऊ काळ्या गोट्यांच्या हातभर रुंद भिंती, छपराला मातीचे कवेलू, आढ्याखाली गरम हवा निघून जायला झरोके. आपली चूल आणि शेजारच्यांची चूल एकाच भिंतीला पाठ लावून, म्हणजे थंडीत दोन्ही घरांना ऊब. दाराजवळचा कोनाडा बाबांच्या खदानीतल्या दिव्यापुरता. इतकी वर्षं राहिलो, पण मी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं.

तिच्या धावपळीनं जेसीबी थांबला, तोही फक्त सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत. सरपंच यादोराव काही वाईट माणूस नाही. "पडकं घर ठेवून पोरायचं पोट भरते काय?" असं त्यानं विचारलं आणि लोकांना ते पटलंही. मनाली बोलली, मी बोलले. लोक जांभया देत होते. हरलोच होतो आम्ही.

आता टाळत होते ते लिहिते. आई बरी नाही. पोळ्याच्या दिवशी अंगणात पडली, तेव्हापासून तिला चालता येत नाही. तुला कळवू नको म्हणाली होती. सभेच्या दिवशी तिनं मारोतरावला निरोप धाडला, आणि तो व बाबांसोबत खदानीत काम केलेली बाकी म्हातारी माणसं तिला खाटेसकट उचलून सभेत घेऊन आली.

यादोराव म्हणाला, "कुंतामाय, हे घरं कंपनीनं बांधले. तुमचं काय आहे त्याच्यात?"

"कंपनीनं लाकूड देल्लं, कवेलू देल्ले," आई म्हणाली. "भिंती कोनं उचलल्या? माणसं तं खाली खदानीत होते. आमी बायांनी उचलल्या. गोटे डोईवर वाहले, माती पायानं तुडवली. माहा ताराचंद पोटात होता तवा. त्याले घेऊनच चढत होती मी."

बाबा खदानीत दबून गेले तेव्हा तू आईला म्हणाला होतास, "या घरानं बाप खाल्ला, चाल इथून." तिनं तुला जा म्हटलं, आणि त्या दिवसापासून तुझं नाव तोंडात घेतलं नाही. भर सभेत घेतलं, रे. आणि तिथं थांबली नाही. "त्याचा बाप खदानीनं नेला. घरानं नाही. या घरानं तं माहे लेकरं सांभाळले."

मग मागून मंदाबाई उठली, "मी बी होती गोटे वाहाले!" मग आणखी एक म्हातारी. मग हात वर होऊ लागले, बायांचे आधी. यादोरावानं सभोवार पाहिलं, हसला, आणि स्वतःचाही हात वर केला. "गाळे पलीकडे बांधू," म्हणाला. मी मनालीच्या गळ्यात पडून रडले.

त्यानंतर गाव राबलं. फुटके कवेलू बदलले, भिंती मातीनं लिंपल्या. परवा कामगारदिनी दार उघडलं. डफ वाजत होते. दाराशी पाटी आहे, तिच्यावर साहेबाचं नाव नाही. भिंती उभारणाऱ्या बायांची नावं आहेत. पहिलं आईचं. मी वाचून दाखवलं तर म्हणते, "मोठ्यानं वाच." मोठ्यानं वाचलं. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत गारवा. तिची खाट आत नेली, तर भिंतीला हात लावून कितीतरी वेळ हसत पडून राहिली.

मग मला जवळ बोलावलं. तिचे शब्द जसेच्या तसे देते: "त्याले लिव, घर पाहाले ये. म्या बोलावलं म्हून लिव."

लिहिलं, भाऊ.

आईच्या वतीनं, आणि माझ्याही,
तुळसाताई