ब्रिगेडियर विकायचा नाही

मी, राजमती अजितकुमार रोकडे, वय त्र्याहत्तर, राहणार कामरगाव, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम, धंदा आधी घरकाम व नंतर घोडा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझा पुतण्या चि. जिनेश याच्यासाठी आहे. बाकी गावाला शंका नाही.

यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी पुष्कळ केली, ती सर्व रद्द समजावीत.

कलम पहिले : घर व दुकान. राहते घर आणि बाजारातले धान्याचे दुकान जिनेशला द्यावे. आम्हाला मूलबाळ नाही. तो आमच्याच हाताखाली वाढला आणि दुकान त्यानेच सांभाळले. माणूस सचोटीचा आहे. फक्त घोड्याचा विषय निघाला की त्याचे कान मागे जातात. त्याचे कारण कलम तिसऱ्यात आहे.

कलम दुसरे : घोडा. ब्रिगेडियर नावाचा, कुमैत म्हणजे गडद तांबूस रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला घोडा ही माझ्या मालकीची मिळकत आहे. त्याची हकीकत मी इथे लिहून ठेवते, कारण जिनेश ती सांगणार नाही आणि घोड्याला नाल ठोकणारा मुनाफ सांगेल ती दुप्पट असेल.

माझे यजमान कै. अजितकुमार पुण्याला मोतीबिंदू काढायला गेले होते. डोळा उघडल्यावर त्यांनी जी पहिली वस्तू नीट पाहिली ती हा घोडा. येताना चष्मा आणायचा होता.

ब्रिगेडियर पुण्याच्या रेसकोर्सवर ऐन जोरात असताना कोणाच्या हाताला लागत नसे. मोठा चषक त्याने इतक्या अंतराने जिंकला की बाकीचे घोडे सुटले तरी की नाही, म्हणून जॉकी मागे वळून पाहू लागला. पण स्वभाव असा, की एखादा घोडा पुढे गेला की हा जागीच थांबायचा आणि गवत खायचा. त्यामुळे तो एक तर पहिला आला, नाही तर आलाच नाही. दुसरा नंबर त्याला माहीत नाही. पुढे मालकाने त्याला पैदाशीसाठी ठेवले. परदेशातून घोड्या आणल्या. याने त्यांच्याकडे पाठ केली. मालक कंटाळला, तेवढ्यात आमचे यजमान एका डोळ्याला पट्टी बांधून तिथे पोचले.

ट्रक दारात आला तेव्हा यजमान म्हणाले, "पाहुणा आणला आहे." मी आत जाऊन पोहे भिजवले. बाहेर येते तर पाहुणा तुळशीचे रोप खात होता.

गावातला मुनाफ नालबंद, म्हणजे बैलांना नाल ठोकणारा, त्याला बोलावले. घोड्याने आधी त्याची टोपी खाल्ली, मग पाय दिला. मुनाफने नाव विचारले. यजमान म्हणाले, "ब्रिगेडियर."

"बिगडेल?" मुनाफ म्हणाला. "बराबर हाय. दिसूनच राह्यला."

तेव्हापासून गाव त्याला बिगडेलच म्हणते.

पहिल्याच महिन्यात त्याने कारंज्याला जाणाऱ्या जीपला मागे टाकले. उतारूंनी टाळ्या वाजवल्या. जीपवाल्याने मात्र त्यानंतर आमच्या घरापुढे कधी गाडी थांबवली नाही. त्याला मी क्षमा करते, पण मी गेल्यावर.

आणि ज्या घोड्याने परदेशी घोड्यांकडे पाठ केली, त्याचा जीव जडला वरातीच्या घोड्यांवर. जरीची झूल, कपाळावर आरशांचा तुरा, बँडच्या आवाजात वाढलेल्या त्या. मुनाफला मी विचारले, हे असे का. तो म्हणाला, "भाभी, पुन्याच्या घोड्या कधीतरी त्याच्या म्होरं गेल्या असतीन. ह्या बिचाऱ्या बँडच्या मांगं मांगं चालतेत. त्याले आदब पाहिजे." आज या जिल्ह्यातल्या निम्म्या वराती ब्रिगेडियरच्या लेकरांवर निघतात.

यजमानांचे मी एकदाच चुकीचे समजले. आम्ही जैन, आमच्या घरात कंदमूळ येत नाही, कांदासुद्धा नाही. एक दिवस त्यांच्या कोटाच्या खिशात गाजर सापडले. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माणसाचे बाहेर काय चालले आहे, या काळजीने मी दोन दिवस बोलले नाही. शेवटी ते म्हणाले, "घोड्यासाठी आहे गं. त्याला दीक्षा दिलेली नाही."

ते गेले तेव्हा मीही म्हणाले, घोडा विका. मग मुनाफ दारात येऊन उभा राहिला.

"भाभी, बिगडेल काईच खाऊन नाई राह्यला. शेठच्या हातचं गाजर पाहिजे त्याले. मी देऊन पाह्यलं, थुकून देते."

"मग मी काय करू?"

"तुमी एकडाव देऊन पाहा. तुमच्या अंगाले शेठच्या घराचा वास हाय."

मी बाजारात गेले आणि जन्मात पहिल्यांदा गाजरे घेतली. वरून मेथीची जुडी ठेवली, तरी शेंडे दिसत होतेच. सगळ्या बाजाराने पाहिले. तबेल्यात गेले. एवढे मोठे जनावर, पण मान खाली घालून माझ्या पदरात तोंड घातले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. मग गाजर खाल्ले. घोडा विकायचे मी पुन्हा बोलले नाही.

कलम तिसरे : जिनेशचे लग्न. हे त्याच्याविरुद्ध लिहीत नाही, खुलाशासाठी लिहिते. त्याच्या वरातीला कारंज्यात जी घोडी होती, ती ब्रिगेडियरची मुलगी. चौकात पुढे दुसरी वरात दिसली. पुढे कोणी चाललेले तिला बापाप्रमाणेच खपत नाही. ती आपला बँड सोडून, दुसऱ्यांचा बँड ओलांडून सुटली आणि पहिल्या दिसलेल्या मांडवात शिरली. तिथल्या सुवासिनींनी जिनेशला ओवाळले. तिथल्या सासूने रिवाजाप्रमाणे जावयाचे म्हणून त्याचे नाक ओढले. तो "मी नव्हे, मी नव्हे" म्हणत होता, पण सनई जोरात होती. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या हातात आहेराचा नारळ होता.

आमच्या मांडवात ही बातमी आली तेव्हा नवरी, म्हणजे सौ. जिनल, इतकी हसली की मुंडावळ्या सुटल्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काकू, त्या घोडीचे वडील कुठे असतात? मला पाया पडायचंय." तेव्हापासून ब्रिगेडियरचा खरारा तीच करते.

कलम चौथे : दौलतसिंग, राहणार अनसिंग. हे स्वतःची घोडी टेम्पोत घालून कामरगावला आणत आणि विचारले की सांगत, "पानी पाजाले आनली." अनसिंगला पाणी नाही म्हणून कोणी जिल्ह्याच्या या टोकाला येत नाही. शिंगरू झाले, कपाळावर तोच टिळा, आणि तरी बाप स्वतःच्याच तबेल्यातला घोडा असे ते पंचांपुढे म्हणाले. त्यांना ब्रिगेडियरचा चषकासह असलेला, काचेच्या चौकटीतला फोटो द्यावा. तो त्यांच्या तबेल्यात लावावा. लेकराला बाप माहीत असावा.

कलम पाचवे : घोड्याची व्यवस्था. एका लॉनवाल्याने ब्रिगेडियरला मंगल कार्यालयाच्या दारात शोभेसाठी मागितले आहे, आणि जिनेशने "पाहू" म्हटले आहे. पाहू नये. ब्रिगेडियर मी सौ. जिनलला देते. तिच्या संमतीशिवाय तो विकता, भाड्याने देता किंवा फोटोसाठी उभा करता येणार नाही. तो आता म्हातारा आहे, एका डोळ्याने कमी दिसते, पण रस्त्यावर सायकल पुढे गेली तर अजून मान ताठ होते. गाजर रोज द्यावे. माझ्या स्वयंपाकघरातून नेऊ नये.

कलम सहावे : तबेला व त्याला लागलेला जमिनीचा तुकडा. हे मी मुनाफला दिले होते. कच्चा मसुदा झाला, तेव्हा साक्षीला कोण, असा प्रश्न निघाला. मुनाफ म्हणाला, "मी. शेठच्या कागदावर बी मीच होतो."

वकील नरेंद्र गावंडे म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्ष करू नये. उद्या भांडण झाले तर पहिले बोट त्याच्या सहीकडे जाते.

"मंग माह्यं नाव काढा," मुनाफ म्हणाला.

"अरे, जमीन जाईल," मी म्हटले.

"जाऊ द्या. घोडा हाय तोवर मले कोन हाकलते? पन शेवटच्या कागदावर सही मीच करतो. तुमाले दुसरं हाय कोन?"

वकिलांनी चष्मा पुसला. मी मुनाफचे नाव काढले.

सबब तबेला व जमीन मी मुनाफची मुलगी कु. नमरा हिला देते. ती जनावरांच्या डॉक्टरकीचे शिकते आहे आणि ब्रिगेडियर तिला चावत नाही. हा फेरफार मुनाफला सांगितलेला नाही. साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असे वकील म्हणतात. मी गेल्यावर त्याला कळेल. तो नको म्हणेल. ते ऐकायला मी नसेन.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून खाली सही करते.

ठिकाण : कामरगाव
तारीख : ४ फेब्रुवारी २०२५

सही : राजमती अजितकुमार रोकडे

साक्षीदार :
१. रामराव, शेजारी, निवृत्त एसटी चालक (सही)
२. मुनाफ, नालबंद (सही, मजकूर न वाचता, हसत)